बर्फ कारखान्यातली राक्षसी माकूळ

माझ्या सासऱ्यांना सगळं बंदर थंडोबा म्हणायचं. चौतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढली म्हणून ते नाव पडलं असेल, असं कुणालाही वाटेल. पण ते त्यांच्या चालीवरून पडलं होतं. मागे आगीचा बंब लागला तरी हा माणूस पावलाला पाऊल लावूनच चालणार. बोलणं मात्र उलट. कॉम्प्रेसरच्या घरघरीत जन्म गेल्यानं कानांचं पार वाटोळं झालेलं, त्यामुळे घरातसुद्धा धक्क्यावरून बोटीला हाक मारावी तसं बोलायचे. जेवताना त्यांनी मीठ मागितलं की शेजारच्या दाराची कडी वाजायची, असं सासूबाई म्हणायच्या. त्यांच्या बोलण्यात थोडं मीठ जास्तच असायचं, ते सोडा.

कान गेले तरी नाक जबरदस्त होतं. लग्न ठरायच्या आधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तर दारातच त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "चष्म्याच्या दुकानात आहेस ना? काचा पुसायच्या पाण्याचा वास येतोय. आणि सकाळी घाईत दूध उतू गेलं होतं तुमच्याकडे."

मी लाजेनं अर्धी झाले. दूध खरंच उतू गेलं होतं.

"अहो, आत तरी येऊ द्या तिला," सासूबाई आतून ओरडल्या. "कुत्र्यासारखं हुंगताय काय दारात!"

अशी आमची ओळख झाली. पुढे बाबांनी मला एकदा कारखाना दाखवला. मिठाच्या थंडगार पाण्याची लांबलचक टाकी, तिच्यात रांगेनं सोडलेले पत्र्याचे उंच डबे, डब्यात साधं पाणी. गोठताना त्या पाण्यात एका बारीक नळीनं हवा सोडत राहावी लागते, नाहीतर लादीच्या पोटात दुधासारखा पांढरा पट्टा राहतो. बोटीवाल्यांना त्याचं काही नसतं. त्यांना बर्फाचा चुराच लागतो. पण बाबांना ढगाळ लादी म्हणजे स्वतःचा अपमान वाटायचा. "लादीपलीकडे पेपर धरला तर बातमी वाचता आली पाहिजे," असं ते म्हणायचे, आणि मला त्यांनी ती वाचायलाही लावली.

टाकीतलं पाणी थंड ठेवतो तो अमोनिया वायू. नळ्यांतून फिरत असतो तोवर गरीब गाय. बाहेर पडला की डोळे, घसा, फुप्फुस, काही सोडत नाही. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी बाबांना त्याचा वास आला होता. अगदी पुसट. त्यांनी तेव्हाच्या फोरमनला सांगितलं. फोरमन म्हणाला, "तुला सर्दी झालीय, काम कर." बाबा गप्प बसले. दहा मिनिटांनी एक झडप फुटली, आणि झडपेसमोर उभ्या असलेल्या त्यांच्या कामातल्या जोडीदाराचे दोन्ही डोळे गेले.

त्यानंतर दर रविवारी बाबा जोडीदाराच्या घरी जाऊन त्याला आठवड्याचे पेपर वाचून दाखवत. आवाज असा की सगळ्या इमारतीला आयत्या बातम्या मिळत. दोघं हसायचे, भांडायचे, पत्ते खेळायचे. जोडीदार बोटांनी पत्ते ओळखायचा, कारण पत्त्यांवर बारीक टोचून खुणा केलेल्या असायच्या, आणि बाबा नेहमी हरायचे. पण त्या दहा मिनिटांबद्दल बावीस वर्षांत दोघांनी कधी चकार शब्द काढला नाही. हे मला सासूबाईंनी सांगितलं.

निवृत्तीला तीन महिने उरले असतानाची गोष्ट. सकाळचे सात वाजले होते, धक्क्यावर बर्फासाठी बोटींची रांग लागलेली. बाबा बर्फ साठवायच्या खोल्यांपुढच्या बोळातून चालले होते आणि मधेच थांबले. मग त्यांनी कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. सरळ जाऊन लाल बटण दाबलं. भोंगा वाजला, कॉम्प्रेसर बंद पडला आणि चाळीस माणसं वाऱ्याच्या उलट्या दिशेला पळाली. त्या दिवशी थंडोबासुद्धा पळाले, असं सांगणारे साक्षीदार आहेत.

दीड तास तपास झाला. झडपा पाहिल्या, सांधे पाहिले, वायू मोजायचं यंत्र सगळ्या नळ्यांजवळून फिरवलं. यंत्राचा काटा शून्यावरून हलेना. बाहेर बोटीवाले शिव्या घालत होते. मॅनेजर तसा भला माणूस, बाबांहून वीस वर्षांनी लहान. पण त्याच्यावरही वरून फोनवर फोन येत होते.

"काका, यंत्र शून्य दाखवतंय."

"मला वास आला, साहेब."

"आणखी कुणालाच आला नाही."

"नाही आला तर नाही आला. मला आला."

मॅनेजरनं कपाळाला हात लावला. "तुमची रजा शिल्लक आहे ना? घ्या. घरी बसा. वय झालं की होतं असं, त्यात लाजण्यासारखं काही नाही."

हे चाळीस जणांसमोर. कुणी तरी मागे फिस्सकन हसलंही. बाबा वळले. कपड्यांच्या कपाटाकडे गेले, सगळ्यांना वाटलं निघाले घरी. पण त्यांनी कपाटातून काढली गंधकाची कांडी. यंत्रं यायच्या आधी गळती शोधायची ती जुनी रीत: कांडी पेटवून नळ्यांजवळून फिरवायची, जिथं अमोनिया असेल तिथं तिचा पांढराफेक धूर होतो. ती घेऊन ते एकटेच बोळातून चालू लागले. कॉम्प्रेसरच्या खोलीत काही नाही. टाकीपाशी काही नाही. पहिली खोली, दुसरी खोली, काही नाही. तिसऱ्या खोलीचं दार त्यांनी उघडलं आणि कांडीच्या टोकाला पांढरा तुरा फुटला.

तिसरी खोली म्हणजे फुटक्या लाद्या ठेवायची जागा. बोटीवाले तिथं आपला आमिषाचा मालही टाकून ठेवत. तिच्यात अमोनियाची एकही नळी नव्हती, म्हणून यंत्र घेऊन तिकडे कुणी गेलंच नव्हतं. कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक पसरलं होतं. बाबांनी कांडी तिकडे नेली. धूर दाट झाला. त्यांनी ताडपत्री उचलली.

मला दुकानात फोन आला तेव्हा मी एका आजोबांकडून नंबर तपासायचा तक्ता वाचून घेत होते.

"सूनबाई!" आजोबासुद्धा दचकून इकडे तिकडे बघायला लागले. "तुझा फोटो काढायचा फोन घेऊन ये. इथं एक डोळा आहे. तुझ्याच कामाचा!"

जेवणाच्या सुट्टीत मी गेले. बाबांनी दार उघडलं, आणि मी जे बघितलं ते पहिल्यांदा कळलंच नाही. वाटलं, कुणी तरी जाड, ओल्या, लालसर कापडाचे तागे उलगडून टाकलेत. मग त्या ताग्यांवर ओळीनं वाट्या दिसल्या, प्रत्येक वाटीच्या कडेला बारीक दात. ते तिचे हात होते. हात जिथं एकत्र येत होते तिथं पोपटासारखी काळी चोच, माझ्या मुठीएवढी. आणि बाजूला डोळा. चष्म्याच्या धंद्यात मी हजारो डोळे बघितलेत, पण हा जेवायच्या ताटाएवढा होता. थोडा बसला होता, कडेला सुरकुतला होता, तरी तो बघतोय असंच वाटत होतं. मी फोन काढायचं विसरून नुसती उभी राहिले.

"माकूळ आहे," बाबा म्हणाले, त्यांच्या मानानं हळू आवाजात. "आपण बघतो ती वीतभर असते. ही बघ."

तेवढ्यात मागून एका बोटीचा कप्तान आला. हातात सुरा आणि प्लास्टिकचं घमेलं. माल त्याचाच होता. खूप खोल सोडलेल्या जाळ्यात आदल्या दिवशी ती वर आली होती, आली तेव्हाच मेलेली.

"काका, सरका जरा. आमिष कापायचंय. खायच्या कामाची नाही ही, थू! एक तुकडा शिजवून बघितला, फिनाइल प्यायल्यासारखं वाटलं. निदान गळाला तरी लागेल."

"कापायचं नाही," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"हे काय आहे ते कळल्याशिवाय कापायचं नाही."

"काका, परवा बोट निघणार माझी. आमिष तुम्ही देणार का?"

"देतो," बाबा म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत दहा घमेली. पण आधी सांग, हिचा एक लांब हात कुठंय? दोन पाहिजेत, एकच दिसतोय."

कप्तान जरा ओशाळला. तो हात आधीच कापून बोटीवर नेला होता. बाबांनी तो परत आणायला लावला.

मी फोटो काढले आणि मोठ्या शहरातल्या संग्रहालयाच्या समुद्री प्राणी विभागाला पाठवले. तिथं कोण असतं, असतं की नाही, काही माहीत नव्हतं. वीस मिनिटांत एका बाईंचा फोन आला. धापा टाकत होत्या. "कापू नका. उन्हात नेऊ नका. शक्य असेल तर पूर्ण गोठवा. मी निघाले आहे. दोन दिवस लागतील. प्लीज, प्लीज कापू नका."

गोठवायचं म्हणजे पहिल्या खोलीत न्यायचं, आणि पहिली खोली मालानं भरलेली. मॅनेजरला विचारणं भाग होतं, आणि सकाळचा प्रसंग ताजा. शेवटी मीच गेले आणि त्याला तिसऱ्या खोलीत घेऊन आले. त्यानं ताडपत्रीखालचं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढली, वाकून एक दीर्घ श्वास घेतला आणि त्याला ठसका लागला.

"काका," डोळे पुसत तो म्हणाला, "हा तर अमोनिया."

"तेच सांगत होतो, साहेब."

"पहिली खोली मोकळी करून देतो," मॅनेजर म्हणाला. आणि बाहेर जाऊन, सकाळी होती तेवढीच माणसं जमवून, त्यानं मोठ्यानं सांगितलं की वास खरा होता आणि चूक आपली होती. सगळ्यांना जमत नाही हे. तेव्हापासून मला तो माणूस आवडतो.

आमिषाचं मात्र बाबा बोलून बसले होते. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ते आणि सासूबाई मासळी साफ करायच्या शेडमध्ये गेले आणि टाकून दिलेली डोकी, शेपट्या, आतडी गोळा करत फिरले. सासूबाईंनी नाकाला रुमाल बांधला होता आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवला होता. "लग्न झाल्यापासून कधी फिरायला नेलं नाही, आणि आज नेलं ते इथं! नेसायला काहीतरी चांगलं काढलं असतं, आधी सांगितलं असतंत तर." पण दहाव्या घमेल्यात डोकी जरा कमी पडली तेव्हा परत जाऊन दोन बादल्या भरून आणल्या त्या त्यांनीच.

बाई आल्या त्या ठेंगण्याठुसक्या, पाठीवर स्वतःहून मोठी पिशवी, पायात रबरी बूट. प्रवासात झोप झालेली दिसत नव्हती. खोलीत शिरल्या, ती बर्फानं पांढरी झालेली आकृती बघितली आणि तिथंच एका उलट्या क्रेटवर मटकन बसल्या. आम्हाला वाटलं चक्कर आली. बघतो तर हसत होत्या, आणि गालांवरून पाणी चाललं होतं.

"एकोणीस वर्षं," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं मी यांच्यावर काम करतेय. देवमाशांच्या पोटात सापडलेल्या चोची बघितल्या. हाताचा एक तुकडा बघितला. पूर्ण अशी आज बघतेय." मग त्यांनी विचारलं, "सापडली कशी?"

"वासानं," बाबा म्हणाले, आणि त्या सकाळची सगळी हकीकत त्यांनी सांगितली. लाल बटण, शून्यावरचा काटा, गंधकाची कांडी. बाई वहीत भराभर लिहीत होत्या. ऐकता ऐकता त्यांचं लिहिणं थांबलं.

"तुमचं नाक बरोबरच होतं. हिच्या मांसातच अमोनियाचे क्षार असतात. ते समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके, म्हणून ही एवढी मोठी असून बुडत नाही. खोल अंधारात हातपाय न हलवता तरंगत राहते."

बाबांनी ते दोनदा सांगायला लावलं. एकदा ऐकू आलं नव्हतं म्हणून आणि एकदा ऐकू आलं होतं म्हणून. मग म्हणाले, "चौतीस वर्षं मी ज्याला भीत आलो, ते हिनं अंगात मुरवून घेतलंय."

माकूळ थंड गाडीतून शहरात गेली आणि आम्हाला वाटलं, संपलं. आठ दिवसांनी बाईंचा फोन. तपासणीसाठी ती वितळवायला घेतली होती, आणि घोटाळा होत होता. हातांची टोकं मऊ पडून नासायला लागली होती, आणि धड अजून दगड. काय करावं?

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "आधी तो गरम वारा बंद करा!" ते गरजले. बाईंनी वाऱ्याचं काही सांगितलं नव्हतं, पण पंखा लावलेला होता खरा. "हातांवर बर्फ टाका. धड मिठाच्या थंड पाण्यात बुडवा. मी येतो."

उरलेली रजा त्यांनी तिथं घालवली. चार दिवस संग्रहालयाच्या तळघरात, दहा मीटरच्या हौदाशी, थर्मामीटर घेऊन. कुठं मीठ वाढव, कुठं बर्फ सरकव. जाड भागाला थोडी ऊब, बारीक भागाला गारवा, असं सगळं अंग एकाच वेळी मोकळं झालं पाहिजे. बाईंचे विद्यार्थी आधी गालात हसत होते; दुसऱ्या दिवसापासून तेच वही घेऊन बाबांमागे फिरू लागले. ती मोकळी झाली तेव्हा मोजली: लांब हातांसकट नऊ मीटर आणि वीतभर, वजन दोनशे किलोंच्या वर. मादी होती. कापलेला हात बाईंनी टाके घालून जागच्या जागी बसवला.

बाबांनी बाईंकडे आल्या दिवशीच एक मागणं मागितलं होतं, जोडीदाराला तिला हात लावू द्यायचं, आणि त्याप्रमाणे शेवटच्या दिवशी मी जोडीदारकाकांना गाडीनं घेऊन गेले. तळघरात शिरताच काका थांबले, मान वर केली आणि म्हणाले, "अरे, हा तर आपल्या कारखान्याचा वास!"

बाईंनी त्यांच्या हातात पातळ हातमोजे चढवले. काकांनी दोन मिनिटांत ते काढून टाकले आणि बाईंनी ते न बघितल्यासारखं केलं. काका हळूहळू चालत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तिच्या अंगावरून बोटं फिरवत गेले. वाट्या, वाट्यांचे दात, चोच. डोळ्यापाशी आल्यावर त्यांनी हात उचलला. "हा डोळा?"

"हो," बाबा म्हणाले.

"केवढा?"

बाबांनी त्यांचे दोन्ही तळवे धरून अंतर दाखवलं. काका तसेच उभे राहिले, हात हवेत धरून. मग म्हणाले, "तू या वेळी थांबला नाहीस म्हणे. सरळ बटण दाबलंस."

बाबांचा चेहरा असा झाला की मी मान वळवली.

"एक सांगू? त्या दिवशी मलाही वास आला होता," काका म्हणाले. "तुझ्या आधी. मी झडपेच्या जवळ होतो ना. फोरमन ओरडेल म्हणून बोललो नाही. तू बोललास तरी. मी तेवढंही केलं नाही."

"बावीस वर्षं सांगितलं नाहीस?"

"तू बावीस वर्षं पेपर वाचायला येत होतास. सांगितलं असतं तर बंद केलं असतंस."

"गाढवा!" बाबा इतक्या मोठ्यानं ओरडले की वरच्या मजल्यावरचा पहारेकरी धावत खाली आला. खाली त्याला दिसले ते दोन म्हातारे, एकमेकांच्या खांद्याला धरून हसणारे, आणि तिसरी एक बाई उगाचच वहीत डोकं घालून बसलेली.

बाबा ठरल्या दिवशी निवृत्त झाले. रविवारचं पेपरवाचन चालू आहे. फक्त आता पत्त्यांत काका कधीकधी मुद्दाम हरतात असा बाबांना संशय आहे, आणि त्यावरून वेगळी भांडणं होतात. माकूळ संग्रहालयाच्या मधल्या दालनात काचेच्या लांब पेटीत ठेवली आहे. खाली पाटीवर प्राण्याची माहिती, बोटीचं नाव, आणि एक ओळ: बर्फ कारखान्यातील एका कर्मचाऱ्याच्या सावधपणामुळे जतन. नाव घालू का, असं बाईंनी विचारलं होतं. बाबा म्हणाले नको, नाहीतर कप्तान आणि मॅनेजर दोघंही रुसतील. सासूबाईंचं म्हणणं, बादल्या मी उचलल्या, तेही लिहा.

परवा कप्तानानं बाबांना दोन दिवसांसाठी बोटीवर नेलं. जन्मभर बंदरात राहून बाबा एकदाही खोल समुद्रात गेले नव्हते. परत आले ते पिवळे पडून. दोन्ही दिवस कठड्याला धरून ओकत होते, असं कप्तान सांगत होता. मी विचारलं, "बाबा, काय दिसलं?"

"काही नाही. नुसतं पाणी," ते म्हणाले, आणि पायातले बूट काढत खुर्चीत बसले. "पण चांगलं होतं हं. पुढच्या महिन्यात पुन्हा नेणार आहे म्हणाला."

"पुन्हा?" स्वयंपाकघरातून सासूबाई गरजल्या. "मग या वेळी मीपण येते. बघते तरी, एवढं काय आहे तिथं!"